आधी नियम, मग अपवाद

पदार्थ घनरूपात अधिक जड असतो की द्रवरूपात, असा प्रश्न आपल्याकडील एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याला घातला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता बर्फाचा दाखला देईल, बर्फ पाण्यावर तरंगतो असे सांगेल, आणि त्यावरून घनरूप हलके व द्रवरूप जड, असा सिद्धान्त मांडून मोकळा होईल, असे मला वाटते. त्याचा दाखला खरा आहे. सिद्धान्त मात्र सृष्टीच्या सर्वसाधारण रीतीच्या नेमका उलट आहे. लोखंड, तांबे, पितळ, शिसे, ॲल्युमिनियम, मेण, तूप, खोबरेल तेल यांपैकी कोणताही जिन्नस घ्यावा. तो वितळला म्हणजे त्याचे आकारमान वाढते, घनता उणावते, आणि त्याचाच घन तुकडा त्याच्याच द्रवात सोडला तर तो तळ गाठतो. पाणी हे या विस्तीर्ण राज्यातील थोड्या अपवादांपैकी एक आहे. अपवाद मुखोद्गत आणि नियमाची ओळखही नाही, ही स्थिती मला चिंतेची वाटते. आणि ज्या मुंबई शहराने लोखंड वितळवून व ओतून आपले वैभव उभारले, त्या शहरात ती असावी, ही गोष्ट तर मला फारच खटकते.

या नियमाचे जिवंत विद्यापीठ शोधायचे झाल्यास हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकावर उतरावे. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला व स्थानकाला मिळाले. १९१० साली कुर्ल्याहून निघालेला लोहमार्ग प्रथम येथवरच येऊन थांबत असे. स्थानकाच्या पूर्वेस, समुद्राच्या अंगाला, दारूखाना पसरलेला आहे. एके काळी दारूगोळ्याच्या कोठारासाठी मुक्रर केलेल्या या भूमीवर पुढे लोखंडाचा, पत्र्याचा, नळांचा, साखळदंडांचा आणि भंगाराचा असा काही बाजार वसला की, येथे पाऊल टाकताच कानी पडतो तो लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाद आणि डोळ्यांना जाणवते ती गॅसकटरची निळी ज्योत. आयुष्य सरलेली जहाजे भरतीच्या पाण्याबरोबर येथील किनाऱ्याला लावली जातात आणि त्यांचे तुकडे होऊन ती पुन्हा भट्टीच्या वाटेला लागतात. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू नौका 'विक्रान्त' हिचेही विसर्जन २०१४ साली याच दारूखान्यात झाले. तिचे पोलाद भट्टीत जाऊन नवे रूप धारण करते झाले, तेव्हा त्या प्रत्येक तुकड्याने आपल्या प्रस्तुत नियमाचे पालन केले असणार: वितळताना तो फुगला, पुन्हा गोठताना आकसला.

हा फरक किती मोठा असतो, हे आकड्यांनी सांगणे इष्ट आहे. नेहमीच्या तापमानाला शुद्ध लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८७ पट असते. १५३८ अंश सेल्सिअसला वितळलेल्या लोखंडाची ती सुमारे ७ पट भरते. यांतील बराचसा फरक केवळ तापण्यामुळे होणाऱ्या प्रसरणाचा आहे, हे खरे. पण तापमान तेच ठेवून घनाचा द्रव होण्याच्या त्या एका पायरीवरही लोखंडाचे आकारमान साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढते. शिशाचे सुमारे साडेतीन, तांब्याचे पाचाच्या आसपास आणि ॲल्युमिनियमचे तर साडेसहा टक्क्यांच्या घरात वाढते. मेण याहूनही अधिक फुगते. शेकड्यात तीन-चार हा आकडा कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्याला एका मोठ्या चाकाचा किंवा पंपाच्या कवचाचा ओतीव तुकडा निर्दोष करून द्यावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने त्या तीन-चार टक्क्यांतच कारागिरीची सारी कसोटी भरलेली असते.

कारण असे की, साच्यात ओतलेला रस एकाच वेळी सर्वत्र गोठत नाही. साच्याच्या भिंतीला टेकलेला थर प्रथम घट्ट होतो. मग हळूहळू आतला भाग गोठू लागतो. आणि प्रत्येक थर गोठताना आकसत असल्याने त्याची उणीव भरून काढण्यासाठी आतील द्रव बाहेरच्या बाजूस ओढला जातो. शेवटी गोठणाऱ्या मध्यभागाला मात्र आणखी द्रव पुरवणारे कोणी उरत नाही, आणि तेथे पोकळी पडते. बाहेरून गुळगुळीत व अंगाने भरीव दिसणारा तुकडा आतून पोकळ निघाला, तर पहिल्या मोठ्या भाराखाली तो दगा देतो. यावर ओतशाळेने शोधलेला उपाय म्हणजे रायझर. मूळ वस्तूच्या माथ्यावर किंवा कडेला रसाचा एक जादा साठा अशा आकाराचा ठेवायचा की तो सर्वांच्या शेवटी गोठेल, वस्तू आकसू लागली की तिला आपल्याजवळचा रस पुरवील, पोकळी स्वतःच्या पोटात घेईल, आणि काम संपल्यावर छाटला जाऊन पुन्हा भट्टीत जाईल. १९४० साली ख्वोरिनोव या चेक अभियंत्याने याचे गणित मांडले: वस्तूचे आकारमान भागिले तिचे पृष्ठफळ, या भागाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात गोठण्याचा काळ वाढतो. परंतु या गणिताच्या कित्येक पिढ्या आधीपासून जगभरचे ओतारी, आणि त्यांत माझगाव, भायखळा, परळ येथील कारखान्यांच्या व रेल्वेच्या ओतशाळांत घाम गाळलेले आपले मोल्डरही, रायझर कोठे व केवढा ठेवावा हे हाताच्या अनुभवाने जाणत होते.

ही जाण केवळ ठोकळेबाज सवयीची नव्हती, हे बिडाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पोलाद ओतताना मोठमोठे रायझर ठेवावे लागतात. करडे बीड ओतताना मात्र फार लहान रायझरवर भागते. याचे कारण बिडातील ३ ते ४ टक्के कार्बन. बीड गोठू लागले की या कार्बनचा मोठा हिस्सा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. ग्रॅफाइटची घनता लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने ते पुष्कळ जागा व्यापते, आणि लोखंडाच्या आकुंचनाने पडणारी तूट बव्हंशी भरून निघते. म्हणूनच बीड साच्याचा कानाकोपरा नीट घेते. गोठून घट्ट झाल्यावर निवतानाही धातू आकसतोच. त्यासाठी लाकडी नमुना करणारा सुतार बिडाकरिता फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आणि पोलादाकरिता पाव इंच वाढवून आखलेली निराळी पट्टी वापरतो. एकाच बाकावर दोन धातूंसाठी दोन पट्ट्या ठेवणाऱ्या या मनुष्याला पदार्थविज्ञान येत नाही, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आता नियमाच्या कारणाकडे वळू. दारूखान्याच्या भूमीवर तोफगोळ्यांचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर वॉल्टर रॅले यांनी जहाजावर गोळे कसे रचले असता त्यांची संख्या झटकन काढता येईल, असा प्रश्न थॉमस हॅरियट या गणितज्ञापुढे ठेवला; हॅरियटच्या पत्रव्यवहारातून तो केप्लरपर्यंत पोहोचला; आणि केप्लरने १६११ मध्ये असे प्रतिपादन केले की, सारख्या आकाराचे गोळे मनोऱ्यासारखे थर लावून रचले असता जागेचा जेवढा भाग व्यापला जातो, त्याहून अधिक कोणत्याही रचनेत व्यापला जाणार नाही. हा भाग शेकडा ७४ च्या किंचित वर भरतो. त्याची संपूर्ण सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर करीपर्यंत जवळजवळ चार शतके लोटली. धातूंचे आणि आर्गॉनसारख्या वायूंचे अणू गोठतात तेव्हा त्यांपैकी पुष्कळ जण हीच रचना, किंवा हिच्या अगदी जवळची रचना, पसंत करतात: प्रत्येक अणूला सभोवार १२ शेजारी, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि रिकामी जागा कमीत कमी.

याउलट तेच गोळे पिंपात ओतून कितीही हलवले, ठोकले, दाबले, तरी व्यापलेला भाग सुमारे ६४ टक्क्यांपुढे जात नाही. लंडनमध्ये जे. डी. बर्नाल यांनी १९६० च्या सुमारास अशाच अस्ताव्यस्त गोळ्यांचा अभ्यास करून द्रवाच्या रचनेचे चित्र उभे केले. त्या चित्रातील मर्म असे की, द्रवातील अणू एकमेकांपासून फार दूर गेलेले नसतात. लगतच्या दोन अणूंमधील अंतर घनात असते जवळपास तेवढेच द्रवातही असते. बदलते ती शेजाऱ्यांची संख्या. बाराच्या ठिकाणी सरासरी दहा-अकराच उरतात, आणि जो एखादा शेजारी कमी झाला त्याच्या जागी वेडीवाकडी पोकळी राहते, जिच्यात आणखी एक अणू मावत नाही आणि जी कोणाच्या उपयोगीही पडत नाही. अशा असंख्य निरुपयोगी फटींची बेरीज म्हणजेच द्रवाचे वाढलेले आकारमान. आर्गॉनच्या बाबतीत ही वाढ सुमारे १४ टक्के होते, म्हणजे चौऱ्याहत्तर आणि चौसष्ट यांच्या प्रमाणाच्या अगदी जवळ जाते. धातूंत अणूंमधील बंध निराळ्या जातीचा व अधिक लवचीक असल्याने ती कमी होते.

मग पदार्थ एवढी सुव्यवस्थित रचना सोडून अस्ताव्यस्त होतोच का? उष्णता वाढते तसे अणू आपापल्या जागी अधिकाधिक जोराने थरथरू लागतात, आणि त्या थरथरीचा पल्ला शेजाऱ्याशी असलेल्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेला की जाळी ढासळते, असा ठोकताळा लिंडेमान यांनी १९१० मध्ये सांगितला. याहून खोल कारण असे की, ठरावीक जागी बसण्याची रीत एकच असते आणि विस्कळीत असण्याच्या रीती अगणित असतात. तापमान पुरेसे वाढले म्हणजे निसर्गाचे पारडे या अगणित रीतींकडे झुकते. परंतु एकमेकांना ओलांडून जाण्यास, जागा बदलण्यास, वाहण्यास अवकाश लागतो. वाहण्याची मुभा आणि अंगातील सैलपणा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. म्हणून जो वाहतो तो बहुधा हलका असतो.

येथवर नियम समजला म्हणजे पाण्याचा अपवाद प्रथमच खऱ्या अर्थाने आश्चर्यकारक वाटू लागतो. बर्फात पाण्याच्या प्रत्येक रेणूला सभोवार चारच शेजारी असतात, कारण हायड्रोजन बंधांचे चार हात ठरावीक कोनांतच पसरतात. त्यामुळे बर्फाची जाळी मुळातच प्रशस्त व पोकळ असते. बर्फ वितळला की या जाळीचा काही भाग कोलमडतो, रेणू त्या पोकळ्यांत घुसतात आणि पाणी बर्फाहून दाट होते. गोठलेल्या बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट, म्हणजे गोठताना आकारमानात सुमारे ९ टक्क्यांची वाढ. दारूखान्याच्या दक्षिणेस भाऊच्या धक्क्यावर मासेमारीच्या होड्यांत जो बर्फ भरला जातो, त्याच्या कारखान्यात पाण्याचे डबे काठोकाठ न भरण्याची खबरदारी घ्यावी लागते ती याच नऊ टक्क्यांसाठी. १८३० च्या दशकात अमेरिकेतील गोठलेल्या तलावांतून कापलेला बर्फ जहाजाने मुंबई बंदरात उतरू लागला, तोही मुळात तलावाच्या पृष्ठभागावर तरंगत होता म्हणूनच कापता आला. बर्फ बुडणारा असता तर थंड प्रदेशांतील तलाव तळापासून गोठत गेले असते आणि त्यांतील जलचरांवर मोठे संकट ओढवले असते.

पाण्याचे भाऊबंद थोडे आहेत: बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन, जर्मेनियम आणि अंटिमनी. यांच्याही अणूंना घनरूपात मोजकेच शेजारी ठरावीक दिशांना लागतात, आणि म्हणून यांचीही घनरचना सैल असते. पैकी अंटिमनीचे मराठी भाषेवर मोठे ऋण आहे. छपाईचे खिळे ओतण्यासाठी शिशात अंटिमनी व कथील मिसळून केलेली धातू वापरीत. निव्वळ शिसे आकसून अक्षराची धार बोथट करते; गोठताना किंचित फुगणारी अंटिमनी ते आकुंचन अल्प करते आणि खिळ्याला कठीणपणाही देते. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे त्यांच्या रेखीवपणामुळे देशभर नावाजले. त्या रेखीवपणात अक्षर कोरणाऱ्याच्या बोटांइतकाच गोठतानाच्या या अल्पशा फुगण्याचाही वाटा होता. नियम शिशाचा आणि अपवाद अंटिमनीचा, या दोघांना जोडीने नांदवूनच मराठी ग्रंथ छापले गेले.

अपवादालाच नियम मानण्याची चूक केवळ शाळकरी मुलांची असती, तर इतका प्रपंच करण्याचे कारण नव्हते. वाफेच्या हातोड्याचा जनक जेम्स नॅस्मिथ हा ओतकामात मुरलेला अभियंता. वितळलेल्या धातूवर घन तुकडा तरंगताना त्याने पाहिला आणि पाण्याप्रमाणे बहुतेक पदार्थ गोठताना फुगतात असे ठरवून, १८७४ मध्ये कार्पेंटर यांच्यासह लिहिलेल्या चंद्रावरील ग्रंथात चंद्राच्या पृष्ठभागावरील भेगा व विवरे या फुगण्याने झाली अशी उपपत्ती मांडली. त्याच सुमारास रॉबर्ट मॅलेट यांनी वितळलेल्या लोखंडाची घनता प्रत्यक्ष मोजून रॉयल सोसायटीपुढे या समजुतीचे खंडन केले. बिडाच्या तुकड्याचे वर्तन ग्रॅफाइटमुळे, त्याच्या तापण्यामुळे आणि रसाच्या पृष्ठभागामुळे गुंतागुंतीचे होते. केवळ नजरेला भासले ते सर्व पदार्थांना लागू करणे धोक्याचे होते. या प्रकरणातून मला एक दुहेरी धडा मिळतो: अनुभव हवाच, पण तो मोजलेला हवा, आणि एका पदार्थाच्या दाखल्यावर साऱ्या सृष्टीचा निवाडा देऊ नये.

आणि हा नियम ज्यांना केवळ कारखान्याची बाब वाटत असेल, त्यांनी आपल्या पायाखाली पाहावे. बर्फावर दाब वाढवला की तो शून्याच्या किंचित खालीच वितळतो, हे आपल्या शाळांत पुनर्हिमायनाच्या प्रयोगाने शिकवले जाते. लोखंडाचे वर्तन याच्या उलट असते: त्याचे घनरूप अधिक दाट असल्याने दाब वाढला की ते घनरूपाकडेच ढकलले जाते आणि त्याचा द्रवणांक चढत जातो. पृथ्वीच्या केंद्रापाशी तापमान ५,००० अंशांच्या वर असूनही, सुमारे ३६ लाख वातावरणांच्या दाबाखाली तेथील लोखंड घट्ट राहते. सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा हा घन गाभा १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने भूकंपाच्या लहरींवरून ओळखला. त्याच्याभोवती वितळलेल्या लोखंडाचे कवच आहे, आणि गोठणारे लोखंड अधिक जड असल्याने ते गाभ्याला जाऊन मिळते. पाण्याचा न्याय लोखंडाला लागू असता, तर पृथ्वीच्या अंतरंगाची ही मांडणीच निराळी झाली असती. आपला सह्याद्रीही या नियमाचा ऋणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील खडक अंशतः वितळून जो रस झाला, तो द्रव असल्याने आणि त्याचे घटकही निराळे असल्याने भोवतीच्या घन खडकाहून हलका होता. म्हणून तो वर चढला, थरावर थर पसरला, आणि ज्या काळ्या कातळावर मुंबई व महाराष्ट्र उभे आहेत तो कातळ निर्माण झाला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरील उभे बहुकोनी खांब म्हणजे त्या रसाच्या गोठण्याचा व निवताना आकसण्याचा दगडात राहिलेला दस्तऐवज आहे.

एवढ्या व्यापक नियमाला आपल्या शिक्षणात अपवादाच्या मागचे आसन मिळावे, हे मला मान्य नाही. पाण्याचे असंगत आचरण व ते दाखवणारे होपचे उपकरण मुलांनी अवश्य शिकावे. परंतु ज्याच्याशी ते विसंगत आहे ते आधी शिकावे. अपवादाचे सौंदर्य नियमाच्या पार्श्वभूमीवरच खुलते. अन्यथा तीच गोष्ट एक सुटी माहिती म्हणून पाठ होते, परीक्षेत उतरते आणि विसरली जाते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, नियम शिकवायचा तर वितळलेला धातू दाखवावा लागेल आणि लहान मुलांना भट्टीजवळ नेणे धोक्याचे आहे. आक्षेप रास्त आहे, पण तो दुर्लंघ्य नाही. वाटीत वितळवलेले मेण गोठू दिले तर त्याचा मध्यभाग खचतो. ओतशाळेतील पोकळीचे तत्त्व मुलाच्या डोळ्यांपुढे उभे राहण्यास तेवढे पुरे. वितळलेल्या मेणात मेणाचा घट्ट तुकडा टाकला तर तो बुडतो, आणि शेजारच्या पेल्यात पाण्यावर बर्फ तरंगतो. हे दोन पेले एकमेकांशेजारी ठेवून शिक्षकाने काही न बोलता वर्गाकडे पाहिले, तरी पुढील तासभर प्रश्न मुलेच विचारतील. मुंबईच्या कडक थंडीच्या पहाटे खोबरेल तेल गोठते; तेही घरच्या घरी हेच सांगते. यासाठी कोणत्याही खर्चिक उपकरणाची मंजुरी लागत नाही.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना मात्र प्रत्यक्ष ओतकाम सुरक्षित अंतरावरून दाखवण्याची तजवीज व्हावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यासाठी परकीय उदाहरण शोधण्याची गरज नाही. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे त्या लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत तंत्रशिक्षणाचा विचार इलाख्यात जोमाने झाला, आणि १८८७ साली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली; माटुंग्याला जाण्यापूर्वी ती रे रोडच्या शेजारीच भायखळ्याला होती. त्या संस्थेत चित्रकला-आरेखन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नोकरी सोडून बेळगावला गेले, लोखंडी नांगर करू लागले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून त्यांनी ओतकामाचा पाया मराठी मुलखात रोवला. आज कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव परिसरात ओतशाळांचे मोठे जाळे आहे. वर्ग आणि भट्टी यांच्यामध्ये भिंत नसावी, ही शिकवण आपल्याच इतिहासात लिहिलेली आहे.

आता बंदराच्या जमिनीचे नव्याने नियोजन चालले आहे, आणि दारूखान्यातील लोखंडाचा व्यवसाय आज आहे तसा पुढील पिढीला पाहायला मिळेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. व्यवसाय हलतील, घरे होतील, रस्ते रुंदावतील. त्याला माझी हरकत नाही. परंतु येथील कामगारांनी हाताने साठवलेले ज्ञान त्यांच्याबरोबरच निघून जाऊ नये. मराठी विज्ञान परिषद चुनाभट्टीला आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, म्हणजे दोन्ही संस्था याच हार्बर मार्गावर आहेत. या संस्थांनी, तंत्रशाळांनी आणि महापालिकेच्या शिक्षण खात्याने मिळून जुन्या मोल्डर, भट्टीवाल्या व नमुना करणाऱ्या सुतारांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. रायझर कोठे ठेवायचा आणि का, हे त्यांच्याकडून शिक्षकांना समजावून घेता यावे. आणि नव्या नियोजनात निदान एक चालती ओतशाळा, पाहण्याच्या सुरक्षित सज्जासह, शिक्षणासाठी राखून ठेवावी, अशी माझी शिफारस आहे. पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तीत घन व द्रव यांच्या धड्याचा आरंभ बर्फाने न करता लोखंडाने करावा, ही दुसरी शिफारस. पहिलीला खर्च आहे, दुसरीला नाही. ज्या दिवशी परळ-लालबागच्या शाळेतील मूल बर्फ का तरंगतो याआधी लोखंड आपल्याच रसात का बुडते हे सांगू लागेल, त्या दिवसापासून त्याला बर्फाचे तरंगणे पाठ करावे लागणार नाही. ते त्याला समजलेले असेल.